'होन्सोउ सुरु' ला मराठीत काय म्हणाल? 'धावपळ केली' लिहिलं तर माणूस लहान होतो

केतकी_व
नमस्कार मंडळी, जपानी येणारे आणि चांगलं मराठी येणारे, दोघांचीही मदत हवीये.

आमच्या गटाच्या दिवाळी अंकासाठी मी तानाका शोउझोउ यांच्यावरचा एक छोटा चरित्रलेख जपानीतून मराठीत आणतेय. ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८४१, तोचिगि प्रांतातल्या आजच्या सानो शहराजवळचं खेडं, घरात गावच्या मुखियाचं काम. १८९० ला जपानची पहिली संसद निवडली गेली त्यात हे निवडून आले. त्यांच्या भागात वरच्या अंगाला आशिओची तांब्याची खाण होती, तिचं विष वातारासे नदीत उतरायचं, मासे मरायचे, पूर आला की तेच पाणी शेतात पसरायचं आणि भात जळून जायचा. १८९१ पासून या माणसाने संसदेत हा प्रश्न लावून धरला आणि १९१३ ला मरेपर्यंत सोडला नाही.

तर लेखातलं वाक्य असं आहे: 'आशिओ कोउदोकु जिकेन नो काइकेत्सु नि होन्सोउ शिता'. म्हणजे आशिओच्या विषाचं प्रकरण सुटावं म्हणून त्यांनी 'होन्सोउ' केलं. कोशात अर्थ मिळतो की एखादं काम मार्गी लागावं म्हणून ठिकठिकाणी धावत प्रयत्न करणे. भाषा औपचारिक, वर्तमानपत्रात, चरित्रात, शोकसंदेशात येणारी, रोजच्या बोलण्यात नाही.

'धावपळ केली' लिहिलं तर लग्नघरातला मामा डोळ्यापुढे येतो. 'प्रयत्न केले' लिहिलं तर वाक्यातला जीवच जातो. 'अथक परिश्रम घेतले' हे सत्काराच्या शालीबरोबर येणारं वाक्य आहे, ते मला नकोय. काय लिहू?

उनाड_पांडू
रुमाल टाकून ठेवतो, सावकाश वाचतो.
बाकी 'होन्सोउ सुरु' म्हणजे आपल्याकडे 'धावपळ सुरू' च झालं की, जपान्यांनी अर्धं मराठीच करून ठेवलंय.

केतकी_व
पांडू :) आमच्या वर्गात पहिल्या दिवसापासून हा घोळ असतो, सुरु म्हणजे 'करणे' हे पोरांच्या डोक्यात बसेपर्यंत सगळं 'सुरू'च होत असतं. बेन्क्योउ सुरु म्हणजे अभ्यास सुरू!

सदाशिव_अण्णा
झटणे. एवढा सोपा शब्द असताना विचारावं का लागलं? 'शेतकऱ्यांसाठी ते आयुष्यभर झटले.' आमच्या पिढीत कुणाबद्दल असं म्हटलं की पुढे काही सांगावं लागायचं नाही. धागा संपला :)

शिरवळ_ते_शिबुया
अण्णा, झटणे सुंदर आहे पण माझ्या मते ते दुसऱ्या जपानी शब्दाचं मराठी आहे. जिन्र्योकु. मी दुभाष्याचं काम करतो, आमच्याकडे हे तीन-चार शब्द रोज येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिन्र्योकु सुरु म्हणजे अंगातली ताकद संपेपर्यंत लावणे. मेलमध्ये सगळ्यात जास्त हाच. समोरच्याने केलं तर 'गोजिन्र्योकु' म्हणून आभार मानायचे, स्वतः करणार असू तर 'बिर्योकु नागारा' म्हणजे 'माझी ताकद थोडी आहे तरी' असं आधी लावून मग 'जिन्र्योकु इताशिमासु'. आदराचा 'गो' स्वतःच्या कष्टाला लावायचा नाही, नवीन पोरं हमखास लावतात.

माइशिन सुरु म्हणजे नजर समोर ठेवून पुढे जात राहणे. नव्या वर्षाच्या भाषणात साहेब लोक सगळ्यांना घेऊन 'माइशिन' करत असतात. त्यात रस्ता सरळ असतो, अडवणारं कुणी नसतं.

होन्सोउ चं तसं नाही. त्यात माणूस या दारातून त्या दारात जातोय, याला भेट, त्याला पटव, तिसऱ्याकडून चिठ्ठी आण, असं चालू असतं. एकट्याने खोलीत बसून कितीही मरमर केली तरी त्याला होन्सोउ म्हणणार नाहीत. आणि हा शब्द बहुतेक दुसऱ्याबद्दल वापरायचा. 'मी होन्सोउ केलं' असं स्वतःबद्दल लिहिलं तर मला तरी ते कानाला खटकतं, आपल्या पायांचे गोडवे आपणच गाल्यासारखं.

कांजीवेडी
शिरवळदादांना दुजोरा, कारण अक्षरातच पाय आहेत. होन्सोउ मधली दोन्ही अक्षरं धावण्याचीच. 'सोउ' म्हणजे आपलं नेहमीचं हाशिरु, जुन्या लिपीत हात हलवत पळणारा माणूस आणि खाली एक पाऊल. 'होन' मध्ये तोच माणूस, पण खाली तीन पावलं! पुढे लिहिता लिहिता त्या तीन पावलांचं गवतासारखं चिन्ह झालं म्हणून आज ओळखू येत नाही. हेच होन 'जियू-होन्पोउ' मध्ये, म्हणजे कुणाचा लगाम नसलेला स्वच्छंदी, आणि 'शुप्पोन' मध्ये, म्हणजे घर सोडून पळून जाणे. त्यामुळे या अक्षरात थोडं बेभानपण आहे, नुसती घाई नाही.

जिन्र्योकु मधलं 'जिन' त्याच्या जुन्या रूपात हातात कुंचला घेऊन रिकामं भांडं आतून घासतंय असं आहे. काही शिल्लक ठेवलेलं नाही. म्हणजे अण्णांचं झटणे तिथे बरोबर बसतं.

माई_गोखले
वाचतेय. फार दिवसांनी असा धागा आला.
केतकी, 'वणवण केली' कसं वाटतं? पाय आहेत त्यात.

सदाशिव_अण्णा
वणवण नको हो माई. वणवण पाण्यासाठी होते, नोकरीसाठी होते. ज्याला कुठे जायचं ते ठाऊक नाही तो वणवण करतो. या गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं की कुणाच्या दारात जायचंय.

इंदोरा_चौक
थोडं वेगळ्या बाजूने लिहितो, नागपूरचा आहे त्यामुळे विषय जवळचा आहे.

या शब्दांच्या घरातला आणखी एक म्हणजे 'शोउजिन'. शोउजिन सुरु म्हणजे मन एकाग्र करून, स्वतःला शिस्त लावून सतत प्रयत्न करणे. हा बौद्ध शब्द आहे आणि मूळ आपल्याकडचं, नेटाने केलेला प्रयत्न या अर्थाचं संस्कृत 'वीर्य', पाली 'विरिय'. दहा पारमिता ज्यांनी विहारात म्हटल्यात त्यांना विरिय पारमिता सांगायला नको. धर्म चीनमध्ये गेला तेव्हा तिथल्या भाषांतरकारांनी वीर्यासाठी जी दोन अक्षरं घेतली तीच जपानीत शोउजिन म्हणून वाचतात. आणि तिथून 'शोउजिन र्योउरि', भिक्षूंचं बिनमांसाचं जेवण. जपानातल्या कोयासान डोंगरावरच्या मठांत राहिलात तर तेच मिळतं. त्याच कोयासानच्या विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांचा पुतळा बसला, म्हणजे शब्द इथून गेला आणि मागोमाग बाबासाहेबही पोचले.

आणि होन्सोउ म्हणायचं तर मला पहिले आठवतात ते भदन्त सुरेई ससाई. ओकायामाकडचा माणूस, साठच्या दशकात भारतात आला, नागपूरला इंदोऱ्यात राहिला आणि इथलाच झाला, नागरिकत्व पण भारताचं घेतलं. १९९२ पासून महाबोधी विहार बौद्धांच्या ताब्यात यावं म्हणून मोर्चे, यात्रा, उपोषणं, दिल्लीच्या चकरा. आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं त्यांच्याबद्दल सांगताना 'भंतेजींनी पायाला चैन दिली नाही' असं म्हणतात. केतकीताई, बघा हे चालतंय का.

केतकी_व
इंदोरा_चौक, फार छान माहिती. 'पायाला चैन दिली नाही' मी लिहून घेतलंय. वीर्य आणि शोउजिनचं नातं मला अजिबात माहीत नव्हतं, इतकी वर्षं शोउजिन म्हणजे शाकाहारी ताट एवढंच डोक्यात.

नागोयाचा_नाना
शोउजिन निघालंच आहे तर सुमो आलंच पाहिजे. ओझेकी किंवा योकोझुना या सुमोतल्या सगळ्यात वरच्या दोन पदांवर बढती मिळाली की संघटनेचे दूत पैलवानाच्या आखाड्यात येतात, सगळे गुडघ्यावर बसून वाकतात आणि पैलवान एकच वाक्य बोलतो. त्या वाक्यात बहुतेक वेळा शोउजिन असतं. किसेनोसातो २०१७ ला योकोझुना झाला तेव्हा अगदी साधं बोलला, योकोझुना या नावाला बट्टा लागणार नाही असं शोउजिन करेन, एवढंच. ताकानोहाना १९९४ ला 'फुशाकु शिन्म्योउ' म्हणाला, जिवाची पर्वा न करता, तेही बौद्ध सूत्रातलंच. आखाड्यात होन्सोउ मात्र कुणी म्हणत नाही, कारण पैलवानाला दारोदार फिरायचं नसतं, त्याला त्या वर्तुळात उभं राहायचं असतं.

अवांतर: आशिओचे शेतकरी गटागटाने तोक्योला चालत जायचे त्या मोर्चांना 'ओशिदाशि' म्हणायचे. सुमोत समोरच्याला ढकलत वर्तुळाबाहेर काढायच्या डावाचं नावही तेच!

उनाड_पांडू
नानांनी आणला पैलवान. आता जेवणाचं पण होऊन जाऊ दे, भूक लागली.

खादाड_ठाणेकर
पांडूसाठी :) जेवल्यावर जपानी 'गोचिसोउसामा' म्हणतात ना, त्यातल्या 'चिसोउ' चा मूळ अर्थ पण पळापळ करणे! ची म्हणजे घोडा दौडवणे आणि सोउ तेच पळणारं. पाहुणा आला की यजमान घोड्यावरून, पायी, चहूकडे पळून सामान गोळा करायचा, त्या पळापळीचं नाव पुढे मेजवानीला पडलं. म्हणजे गोचिसोउसामा म्हणताना आपण पदार्थाला नाही, कुणीतरी आपल्यासाठी पळालं त्याला नमस्कार करतो.

लोक त्यात इदातेनची गोष्ट पण जोडतात, बुद्धासाठी अन्न आणायला धावणारा देव. तिथे जोरात पळणाऱ्याला 'इदातेनसारखा पळतो' म्हणतात. आणि हा इदातेन म्हणजे आपला स्कंद, कार्तिकेय. पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत मोरावर बसून निघाला तो थेट जपानात पोचला, तिथे मात्र धावण्याचं श्रेय त्याला मिळालं.

माई_गोखले
अगंबाई! ठाणेकर, हे मी उद्या नातवाला सांगणार. इकडे बिचाऱ्याचा लाडू गणपती घेऊन गेला.

शिरवळ_ते_शिबुया
खायचंच बोलताय तर शिंजुकुच्या नाकामुरायाची करी आणि रासबिहारी बोस. हे अवांतर नाही, जपानी लेखांत बोसांबद्दल लिहिताना भारताच्या स्वातंत्र्यासाठी होन्सोउ केलेला माणूस, अशीच शब्दरचना भेटते. १९१५ ला इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानात, तिथेही हद्दपारीचा हुकूम निघाला, नाकामुरायाच्या सोउमा दांपत्याने लपवून ठेवलं, त्यांच्या मुलीशी, तोशिकोशी १९१८ ला लग्न, १९२३ ला जपानी नागरिकत्व, १९२७ ला त्या दुकानात भारतीय पद्धतीची करी सुरू झाली ती आजही मिळते. आणि या सगळ्यात सभा, पत्रं, पुढाऱ्यांच्या भेटी अखंड चालू. बोस १९४५ च्या जानेवारीत गेले, स्वातंत्र्य दिसलं नाही.

तसंच मेइजी सम्राटाच्या राजवटीआधीचे तरुण सामुराई, साकामोतो र्योउमा वगैरे, त्यांच्यासाठी 'कोकुजि नि होन्सोउ' हा ठरलेला शब्दप्रयोग. देशाच्या कामासाठी धावणे. र्योउमाने तरी वेगळं काय केलं, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या सात्सुमा आणि चोउश्यू या दोन संस्थानांमध्ये जा-ये करून १८६६ ला त्यांचा करार घडवून आणला.

मुद्दा_सोडू_नका
सगळे फार भारावून गेलेत म्हणून जरा विरोधी सूर. होन्सोउ हा उदात्त शब्द नाहीये. बुडीत धंदेवाला कर्ज मिळवायला पळतो ते 'किन्साकु नि होन्सोउ'. मंत्र्याची जीभ घसरली की पक्षाचे लोक आग विझवायला पळतात ते 'हिकेशि नि होन्सोउ'. रोजच्या पेपरात हे वाचतो मी. तेव्हा शब्दाला हार घालायची गरज नाही, 'खटपट केली' पुरेसं आहे. खटपट चांगल्या कामाची पण असते आणि वाईट पण.

कांजीवेडी
@मुद्दा, उदाहरणं बरोबर आहेत पण निष्कर्ष पटला नाही. किन्साकुवाला पण पळतोय कारण त्याच्या मानेशी आलंय. दोन्हीकडे शब्द तेवढाच सांगतो की काम मोठं आहे, एका जागी बसून होणार नाही आणि हा माणूस जिवाच्या आकांताने पळतोय. उदात्तपणा त्याआधीच्या नामातून येतो. 'खटपट' मध्ये मला आकांत ऐकू येत नाही, खटपटीत माणूस थोडा हुशारी करतोय असं वाटतं. खटपट्या माणूस म्हटलं की कसा दिसतो सांगा बघू.

मुद्दा_सोडू_नका
खटपट्या म्हणजे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांच्यामुळेच आमच्याकडे टँकर येतो. मी खटपटीच्या बाजूनेच राहणार.

रानवाटा
इतका वेळ कुणीच 'लढा दिला' का म्हणत नाहीये? मुळशीचा सत्याग्रह, १९२१ ते २४, टाटांच्या धरणासाठी मावळातली गावं पाण्याखाली जाणार होती आणि सेनापती बापट उभे राहिले. आपण तिथे सरळ 'लढा दिला' लिहितो. तानाका शोउझोउ ज्याच्यासाठी झगडले ते यानाका गाव पण असंच पुराचं पाणी साठवायला बुडवलं ना? प्रकरण सारखं तर शब्द पण तोच घ्या.

केतकी_व
रानवाटा, मी पण आधी तेच लिहिलं होतं. पण जपानीत लढण्याला 'ताताकाउ' आहे, आणि याच लेखात पुढे कावामाताच्या प्रसंगात लेखकाने ते वापरलंय सुद्धा. १३ फेब्रुवारी १९००, तोक्योकडे निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी कावामाताला अडवून मारलं, धरपकड केली. तिथे 'लढले' आहे, शेतकऱ्यांबद्दल. शोउझोउ यांच्या आयुष्याबद्दलच्या मुख्य वाक्यात मात्र होन्सोउ. तो फरक मराठीत राहिला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. लढ्यात समोर शत्रू असतो. हे मंत्र्याकडे जात होते, पत्रकारांकडे जात होते, तोक्योतल्या विद्यार्थ्यांना आणि बायकांच्या संघटनांना बोलवून विषारी शेतं दाखवत होते, यातले बरेच जण शत्रू नव्हते, त्यांना फक्त माहीत नव्हतं.

सायतामाची_सायकल
मी त्या भागाच्या जवळच राहते म्हणून लिहितेय, नेहमी नुसती वाचक असते.

यानाका जिथे होतं तिथे आता वातारासेचं मोठं पूर-साठवण क्षेत्र आहे, मैलोन् मैल बोरू आणि पाणथळ, २०१२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत. मधला तलाव वरून बदामाच्या आकाराचा दिसतो, लोक तिथे सायकल चालवायला, पतंग उडवायला येतात. तो आकार हौसेने केलेला नाही. तलाव खणताना गावाच्या अवशेषांवरून यंत्रं जाणार होती, मूळ गावकऱ्यांच्या वंशजांनी विरोध केला, म्हणून तेवढा भाग वगळला आणि तलावाला खाच पडली. त्या खाचेत आज देवळाची जागा, स्मशानातले दगड, घरांचे उंचवटे आहेत, पाट्या लावल्यात कुणाचं घर कुठे होतं ते. हिवाळ्यात बोरू सुकला की सगळं नीट दिसतं.

तिथे गेल्यापासून मला या माणसाबद्दल 'झटले', 'खटपट केली' यातलं काहीच पुरेसं वाटत नाही. आणि खरं तर होन्सोउ पण नाही. कारण १९०४ मध्ये ते यानाकात राहायलाच गेले. पळणं थांबलं. १९०७ ला सरकारने उरलेली सोळा घरं पाडली, लोक त्याच जागी झोपड्या बांधून राहिले आणि हे त्यांच्याबरोबर. त्या दिवसांत ते 'यानाकागाकु' म्हणायचे, म्हणजे यानाका शिकणे, या अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांना शिकवायचं सोडून त्यांच्याकडून शिकायचं. धावणाऱ्याला हे जमत नाही, त्यासाठी बसावं लागतं.

इंदोरा_चौक
सायतामाताई, तुमचा प्रतिसाद सगळ्यात आवडला.

शिरवळ_ते_शिबुया
अप्रतिम प्रतिसाद, पण एका ठिकाणी वाद घालतो. यानाकात गेल्यावरही त्यांचे पाय थांबले नव्हते. सरकारचं म्हणणं होतं की गाव बुडवलं की पूर आटोक्यात येईल. ते खोटं आहे हे दाखवायला म्हातारपणी कान्तोउच्या नद्या पायी फिरून पुराच्या पाण्याच्या खुणा ते नोंदवत होते, कुठे किती चढलं ते गावागावात विचारून. शेवटचं आजारपण आलं तेही नदीच्या त्याच कामासाठी पैसे मागत ओळखीच्यांकडे फिरताना, एका शेतकऱ्याच्या घरी कोसळले ते तिथेच ४ सप्टेंबर १९१३ ला गेले. यापेक्षा शब्दशः होन्सोउ कुठलं असणार?

सायतामाची_सायकल
मान्य, नद्यांचं फिरणं विसरून चालणार नाही. तरी मी म्हणेन की ते फिरणं आधीपेक्षा वेगळं होतं. आधी सत्तेच्या दारात जायचे. नंतर नदीकडे. पण केतकीच्या वाक्यात 'काइकेत्सु नि' आहे, प्रकरण सुटावं म्हणून, त्यात दोन्ही येतात बहुतेक.

कांजीवेडी
गेल्यावर त्यांच्याजवळ जे सापडलं ते आठवलं. एक टोपी आणि एक पिशवी. पिशवीत नवा करार, राज्यघटना आणि मत्तयचं शुभवर्तमान एकत्र शिवलेली वही, रोजनिश्या, अपुरं हस्तलिखित, आणि नदीतले छोटे दगड. संसदेत इतकी वर्षं बसलेल्या माणसाची ही मालमत्ता.

केतकी_व
हो, आणि बायबलची पण गोष्ट आहे. कावामाताच्या खटल्यात कोर्टात त्यांनी भर सुनावणीत मोठ्ठी जांभई दिली, न्यायालयाचा अपमान म्हणून शिक्षा झाली, १९०२ ला तुरुंगात गेले आणि तिथे नवा करार वाचला. लेखात एका ओळीत उरकलंय, मी मात्र पूर्ण लिहिणार आहे.

उनाड_पांडू
जांभईसाठी तुरुंग!! आमच्या ऑफिसातल्या सोमवारच्या मीटिंगला जन्मठेप होईल सगळ्यांना.
(सायतामाताईंचं वाचून मात्र गप्प झालो होतो खरंच.)

माई_गोखले
केतकी, मग आता मला 'उंबरठे झिजवले' योग्य वाटायला लागलंय. शिरवळ म्हणतात तशी दारं आहेत, कांजीवेडी म्हणते तसे पाय आहेत.

सदाशिव_अण्णा
माई, उंबरठे झिजवणारा स्वतःच्या कामासाठी जातो, पेन्शनसाठी, दाखल्यासाठी. आणि त्यात थोडं लाचारपण येतं. हा माणूस लाचार नव्हता. १९०१ च्या ऑक्टोबरात खासदारकी सोडली आणि १० डिसेंबरला सम्राटाच्या बग्गीपुढे अर्ज हातात धरून धावत गेला, त्या काळी याची शिक्षा काय होईल ते सांगता येत नव्हतं. लाचार माणूस खुर्ची सोडत नाही.

मुद्दा_सोडू_नका
अण्णांना चक्क अनुमोदन. आणि तो अर्ज घेऊन धावणं, तेच बघा ना, अक्षरशः होन्सोउ. पकडलं, आणि वेडा ठरवून सोडून दिलं, खटला चालवला तर गवगवा होईल म्हणून.

रानवाटा
'जिवाचं रान केलं'?

सायतामाची_सायकल
रानवाटा, त्या जागेवर उभं राहिलं की 'रान' शब्द नाही हो लिहवत. गावाचंच रान झालंय तिथे.

सदाशिव_अण्णा
मी माझा 'झटले' मागे घेत नाही पण त्याला जोडीदार देतो. पायपीट. पायपीट माणूस दुसऱ्यासाठी पण करतो आणि त्यात लाचारी नाही, नुसते कष्ट आहेत. 'अखंड पायपीट करत झटले.' पाय पण आले, जिन्र्योकु पण आलं. दोन शब्द लागले तर लागू देत.

शिरवळ_ते_शिबुया
अण्णा, हे जमलंय. मूळ औपचारिकता थोडी खाली येते, पण दिवाळी अंकातल्या लेखात चालेल. आणि होन्सोउ मध्ये पण धावण्याची दोन अक्षरं आहेतच.

इंदोरा_चौक
+१. पायपीट मस्त. आमच्याकडेही म्हणतात.

केतकी_व
असं लिहितेय, बघा:

'आशिओच्या खाणीचं विष थांबावं, नदी आणि शेतं पुन्हा जिवंत व्हावीत म्हणून तानाका शोउझोउ मंत्र्यांच्या दारापासून नदीच्या काठापर्यंत जन्मभर पायपीट करत झटले.'

मंत्र्यांचं दार शिरवळदादांचं, नदीचा काठ सायतामाताईंचा, बाकी अण्णांचं. मूळ वाक्यापेक्षा लांब झालंय पण मला त्यात ते दिसतात.

त्यांच्या १९१२ च्या रोजनिशीतलं प्रसिद्ध वाक्य पण घेतेय: खरी सुधारणा डोंगर उजाड करत नाही, नद्या उजाड करत नाही, गावं मोडत नाही, माणसं मारत नाही. मूळ शब्द 'बुन्मेइ' आहे, त्याला संस्कृती लिहावं की सुधारणा यावर माझं मन सारखं बदलत होतं, पण मेइजी काळातल्या बुन्मेइला आपल्या एकोणिसाव्या शतकातली 'सुधारणा' जवळची वाटली, आगरकरांच्या काळातली.

सदाशिव_अण्णा
सुधारणाच ठेवा. अजिबात बदलू नका.

कांजीवेडी
वाक्य आवडलं. फक्त 'जन्मभर' नको, १८९१ पासून धरलं तर 'अखेरपर्यंत' जास्त खरं.

केतकी_व
अखेरपर्यंत केलं. आता पुढचा खड्डा: सम्राटापुढे अर्ज घेऊन जाणं याला 'जिकिसो' म्हणतात. मधले सगळे अधिकारी ओलांडून थेट सगळ्यात वरच्यापुढे तक्रार मांडणे. 'थेट अर्ज' फारच तहसील कचेरीतलं वाटतं. त्या अर्जाचा मसुदा पत्रकार कोउतोकु शूसुइने लिहिलेला, भाषा एकदम भारदस्त.

पेडण्याची_पोर
गोव्यातून हात वर करते. गाऱ्हाणं! आमच्याकडे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने घालतात ते. मध्ये कुणी नाही, सरळ देवाला सांगायचं. तिथे सम्राटाला तेव्हा देवच मानत होते ना?

माई_गोखले
कोकणात पण गाऱ्हाणं घालतात. 'व्हय महाराजा' म्हणायला मागे सगळा गाव असतो.

शिरवळ_ते_शिबुया
त्यांच्यामागे पण गाव होतंच, फक्त कावामाताला अडवलेलं. केतकी, 'सम्राटापुढे गाऱ्हाणं घातलं' असं लिहून बघ, आणि आधीच्या ओळीत बग्गी, रस्ता आणि तारीख दे म्हणजे वाचकाला देऊळ वाटणार नाही.

केतकी_व
लिहिते आणि संध्याकाळी इथेच टाकते. पेडण्याची_पोर, अंकात तुमचं नाव ऋणनिर्देशात घालू का, इथलंच की खरं, व्यनि (खाजगी निरोप) करा.